रांगोळीच्या गाण्याचा अंतरा

आमच्या गायकाचा आवाज असा, की त्याने कोराडीच्या कॉलनीत तान घेतली तर तिकडे कळमेश्वरातली कुत्री उठून बसत. कोळशावरच्या वीज केंद्राची एक चिमणी त्याच आवाजाने किंचित कललेली आहे. इंजिनियर लोक मानत नाहीत. त्यांना नोकरी सांभाळायची असते. मी त्याच्या मागे पेटीवर असायचो, म्हणून मला माहीत.

त्याचं नाव झालं ते त्याच्या आईच्या गाण्यावर. कॉलनीतल्या बायकांच्या भजनी मंडळासाठी तिने ते स्वतः रचलेलं. 'राख पडते अंगणी, माय, कशी घालू रांगोळी.' थेट देवीकडेच तक्रार! कागदावर कधी उतरवलं नाही. म्हणायची, "तोंडात हाय नं, मंग?" नवरात्रात पोराने ते म्हटलं आणि अख्खा मंडप वीतभर वर उचलला गेला. मी खांब धरून बसलो म्हणून वाचलो.

तिथून तो मुंबईच्या वाहिनीवर गेला. गेला गायला, झाला सूत्रसंचालक. नाच, नकला, सासवा-सुनांच्या शर्यती. मधूनमधून तेच गाणं, पण मुखड्यापुरतं. अंतऱ्याच्या तोंडाशी आला की कॅमेऱ्यासाठी मान डावीकडे वळवून हसायचा, "कुठंच जाऊ नका!" की लगेच साबणाची जाहिरात. वर्षानुवर्षं हेच.

गेल्या उन्हाळ्यात शहरात, मनीषनगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये त्याची आई अखेरच्या दुखण्यात होती. नाकात नळी. तिने मला पेटी घेऊन बोलावलं.

"टीव्हीवाले पुरं म्हणूच नाही देत तुले," ती लेकाला म्हणाली. "आज पुरं म्हण."

त्याने मुखडा म्हटला. काय म्हटला! ऐकायला कूलर थांबला, शपथेवर सांगतो. मी अंतऱ्याचे सूर धरले, आणि त्याची मान डावीकडे वळली. तिथे भिंत होती. भिंतीकडे पाहून तो हसला.

"कुठंच जाऊ नका," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"नाही जात गा," आई म्हणाली. "तू म्हण नं पुढचं."

त्याचे ओठ हलले. शब्द आलेच नाहीत. मी तीच ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. आईचं बोट चादरीवर ताल धरून होतं.

"आई वं, मले आठवून नाही राहिलं," असं तो म्हणाला, तोवर ते बोट थांबलेलं होतं. तिने ऐकलं की नाही, देव जाणे.

तेरवी झाल्यावर आम्ही दोघं कोराडीला गेलो, अंतरा शोधायला; मला त्याची चाल तेवढी पाठ, शब्द नाहीत. मंडळातल्या एकच काकू कॉलनीत उरल्या होत्या.

"येते नं मले! रोज तं आयकते." टाळ्या वाजवत त्यांनी मुखडा म्हटला आणि थांबल्या.

"पुढचं, काकू?"

"पुढं तं जाहिरात येते नं गा."

तो त्यांच्या पाया पडला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

जन्मभर मी थापा मारल्या. चार ओळी जुळवून 'घे, हाच अंतरा' म्हणणं मला काय कठीण? रोज पेटी उघडतो. चाल बरोबर वाजते. थाप मात्र सुचत नाही.