गोड शेवटांचं पुस्तक

दोहाच्या मेट्रोत तो रोज माझ्यासमोर बसून वाचायचा. पुस्तक उजवीकडून उघडायचं, त्यामुळे अरबी असेल असं समजून कुणी वळून बघत नसे. एकदा शेजारी बसले तेव्हा दिसलं, त्या जपानी चित्रकथा होत्या, प्रेमात पडलेल्या दोन मुलग्यांच्या. मी पाहिलेलं त्याला कळलं. फोनवरचं माझं मराठी त्यानं ऐकलं असावं.

"समीक्षकांनी झोडपलंय याला, ताई," तो पानावरून अंगठा फिरवत म्हणाला. "म्हणे, सगळ्याच कथांचा शेवट गोड. ते वाचूनच मी घेतलं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो आई. मुलगी तुला पसंत आहे ना, मग झालं."

त्याचं स्टेशन आलं आणि गेलं. तो शेवटच्या पानावरच होता.