डाळीएवढी पेस्ट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सामानापेक्षा किस्सेच जास्त साठतात. सामान निदान भंगारवाला तरी नेतो! आमचं दुकान सोलापुरात, मी आणि माझे भागीदार बाबूमामा. निम्मे किस्से एकाच वस्तूचे, थर्मल पेस्टचे. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर लावतात ती राखाडी, चिकट पेस्ट.

होटगीचा एक जण आला. त्याचा कॉम्प्युटर उघडला तर पुदिन्याचा वास! गड्यानं पेस्टच्या जागी टूथपेस्ट लावलेली.

"अहो, हे काय?"

"तोंडाला लई गार लागतं की!"

मामा म्हणाले, "आता चूळ कोण भरणार?"

दुसऱ्यानं अख्खी ट्यूब पिळलेली, बोर्डभर राडा. माझं डोकंच फिरलं. "भाकरीवर चटणी थापताय व्हय? हरभऱ्याच्या डाळीएवढी बास!" त्यानं खिशातून पेन काढलं आणि शांतपणे विचारलं, "भिजलेली का कोरडी?"

एका रिटायर्ड गुरुजींनी तर सांडलेली पेस्ट निघेना म्हणून बोर्ड नळाखाली धुतला आणि गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातला. वर मलाच म्हणतात, "पापड झाले की चांगले. मग हाच का चालू होईना?"

तेव्हापासून माझं भाषण पाठ. "आधी वायर काढा. मग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि सूत न सुटणारं कापड. घरचा टॉवेल लावाल तर याद राखा!" एवढं बोलून मी खांद्यावरच्या लाल नॅपकिननं घाम पुसतो. काय करणार, ऊनच तसलं.

परवा टॉवेल कारखान्याचा श्रीनिवास धावत आला, सोबत त्याची आई, लक्ष्मीअक्का. चारच दिवसांपूर्वी मी सर्व्हिसिंग करून दिलेला कॉम्प्युटर बंद! टॉवेलची सगळी डिझाइनं त्यातच. संध्याकाळपर्यंत नमुना गेला नाही तर वर्षाची ऑर्डर हातची जाणार होती. पोरगं रडकुंडीला आलेलं.

उघडलं, तर प्रोसेसरखालच्या केसासारख्या पिनांत पेस्ट, आणि पेस्टीत अडकलेलं सूत. माझा पारा चढला.

"टॉवेलनं पुसलंस ना घरी?"

"आईशप्पथ, उघडलासुद्धा न्हाई ओ!"

"सगळे असंच म्हणतात! टॉवेलवाल्यांच्या घरात दुसरं काय असणार?"

अल्कोहोलनं पेस्ट सुटली, पण सूत निघेना. एक पिन वाकली की संपलं. माझा चिमटा दोनदा सुतावरून घसरला, तशी अक्का म्हणाली, "सर की बाजूला." आयुष्यभर मागावर तुटलेली सुतं जोडलेली बाई ती! भिंग घेतलं, चिमटा घेतला आणि श्वास रोखून एकेक तंतू उचलला. एकही पिन हलली नाही.

कॉम्प्युटर चालू झाला. श्रीनिवासनं तिथूनच नमुना पाठवला आणि आईच्या पाया पडला. मलापण भरून आलं. म्हटलं, "अक्का, मानलं तुम्हाला. पण घरी सांगा, टॉवेल लावू नका."

अक्का चिमट्यातलं सूत उजेडाला धरून बघत होती.

"बाळा, आमच्या मागावर फकस्त पांढरा माल निघतो. हे लाल हाय."

बाबूमामा माझ्या खांद्याकडं बघायला लागले.