निळ्या वायरीजवळ निळी वायर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कामावर तर नाहीच. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायचीही लाज वाटते. पण नाझीमभाई समोरून आले की अजून माझी मान खाली जाते, म्हणून लिहिते.

रिसोडच्या एका दवाखान्यात मी झाडपूस करते. एक्स-रेच्या खोलीत भिंतीवर दिव्यांचा एक डबा आहे. स्विच म्हणतात त्याला. सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी त्यातच येतात. तो बसवला कॉम्प्युटरच्या वायरींचं काम करणाऱ्या नाझीमभाईंनी. डबा एकच, पण लॅपटॉपवरून त्यांनी आत भाग पाडले होते — एक्स-रे आणि डॉक्टरांचा एक, नोंदणीचा दुसरा, बाहेर बसणाऱ्यांच्या वायफायचा तिसरा. वायर खुपसायचं कोणतं भोक कोणत्या भागाचं, हे ठरलेलं.

"मावशी, वावर एकच हाये, पण मधात धुरे घातले. इकडचं ढोर तिकडं जात नाई," ते हसून म्हणाले होते. धुरा म्हणजे शेताचा बांध. ऐकलं होतं ना मी? मग?

दिवाळीच्या साफसफाईत मी त्या वायरी उपसल्या. सगळ्या. डबा पुसला आणि काकणं मांडावी तशा रंगानं लावल्या — निळीजवळ निळी, पिवळीजवळ पिवळी. प्रत्येकीचा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे बरोबर, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेचा एकही फोटो डॉक्टरांपर्यंत पोचेना. हात मोडलेली एक म्हातारी बाकावर कण्हत होती. नाझीमभाई धावत आले. डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले, "जमत नाई तं काम कायले घेतलं? वाशिमच्या माह्या नव्या दवाखान्याचं काम आता दुसऱ्यालेच देतो!"

मी दाराशी पोछा धरून उभी होते. एकच वाक्य बोलायचं होतं — वायरी मी काढल्या. बोलले का? नाही.

नाझीमभाईंनी डब्याकडे पाहिलं. रंगांची ती रांग बघून थांबले. मग माझ्याकडे पाहिलं — जरासंच.

"माह्याकडूनच राह्यलं असन, डॉक्टरसाहेब."

एकही वायर त्यांनी हलवली नाही; हलवली असती तर त्या कोणी काढल्या, हे निघालं असतं. खाली बसून, लॅपटॉपवर, आतले धुरेच माझ्या रांगेप्रमाणे नव्यानं घातले. तेव्हाही मी गप्प. वाशिमचं काम खरंच दुसऱ्याला गेलं. तेव्हाही.

निघताना त्यांनी प्रत्येक वायरीला आणि तिच्या भोकाला चिकटपट्टी लावून आकडे लिहिले. १, २, ३ — मराठीत. दवाखान्यात बाकी सगळे इंग्रजी आकडे लिहितात. मराठी आकडे लागणारी तिथं मी एकटीच.

आजही ते आले की आधी विचारतात, "मावशी, चहा झाला का?" माझं काम टिकलं, माझी अब्रू टिकली, ती त्या माणसामुळे. डबा पुसताना पाचची वायर निघाली तर मी पाचातच लावते, आणि दर वेळी मनात त्यांना सलाम करते.

वायरी मी काढल्या होत्या. बोलणी त्यांनी खाल्ली, आणि मी दाराशी उभी राहून ऐकली.