दाखल्याच्या बदल्यात पगडी

पडदा वर जातो तेव्हा दिसतं ते असं: कोथरूडमधल्या एका क्लासचं ऑफिस, दुसरा मजला, सकाळचे अकरा. डावीकडे सरांची काचेची केबिन. उजवीकडे खुर्च्यांवर नव्या प्रवेशासाठी आलेले वीसेक आईबाप, मांडीवर फायली. मधोमध निळ्या कापडासमोर एक रिकामी खुर्ची, तिच्यावर कॅमेरा रोखलेला. बाजूच्या ताटात शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी. ज्या मुलीसाठी ही मांडणी, ती अपेक्षा दोन पावलांवर उभी. तिच्या शेजारी मी, तिची घरमालकीण, एकेकाळची नाटकातली नटी, दुखऱ्या गुडघ्यासकट.

अपेक्षा विदर्भातल्या मंगरुळपीरची. वडिलांची पिठाची गिरणी, आई अंगणवाडीत. पहिल्या खेपेला नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये ती पुन्हा तयारी करायला पुण्यात आली आणि शनिवार पेठेत माझ्या मागच्या खोलीत राहू लागली. क्लासनं प्रवेशाच्या वेळी तिचे सगळे मूळ कागद ठेवून घेतले. शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा. 'हरवू नयेत म्हणून' असं म्हणाले. खरं कारण असं की कागद अडकले की पोरं वर्षाच्या मध्ये सोडून जात नाहीत. तिच्या वडिलांना उलट बरं वाटलं. मला म्हणाले, "बाई, कागद ठेवून घेतले म्हणजे पोरीची जबाबदारी घेतली." मीही मान डोलावली. त्याचा राग मला अजून स्वतःवर आहे.

क्लासची रीत अशी की रविवारी परीक्षा, सोमवारी दारावर यादी आणि यादीतल्या नंबरानं बसायचं. पहिली पन्नास पोरं सरांच्या समोर. शेवटची साठ वरच्या हॉलमध्ये, जिथं शिक्षक येतच नाहीत. खालचा तास टीव्हीवर दिसतो. नोव्हेंबरात अपेक्षाला वर पाठवलं. पहिल्याच दिवशी तिनं सवयीनं शंका विचारायला हात वर केला. टीव्हीपुढे! अख्खा हॉल हसला. त्या दिवसापासून ती तिकडे फिरकली नाही.

मग काय केलं? आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत एक टेबल धरलं. सकाळी सात ते रात्री नऊ. जेवायला आली की मी पुस्तक हातात धरायची आणि ती धडेच्या धडे म्हणायची. तालमीत आम्ही एकमेकांचे संवाद असेच पक्के करून घ्यायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस अडखळला की तो विसरलाय की त्याला समजलंच नाही, हे मला चेहऱ्यावरून कळतं. चाळीस वर्षं तेच केलं. "हे तुला समजलेलं नाही," मी म्हणायची. ती ताट तसंच ठेवून पुन्हा वाचायला बसायची.

निकाल लागला. सोलापूरच्या सरकारी कॉलेजात तिला एमबीबीएसची जागा मिळाली. तीन दिवसांत तिचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर. आठ महिने तिचं तोंड न पाहिलेल्या क्लासचा फ्लेक्स! आणि दाखला? आठवडाभर हेलपाटे. कधी किल्ली सरांकडे, कधी सर मीटिंगमध्ये. आता दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला प्रवेशाची मुदत संपत होती. मूळ दाखला नाही तर जागा गेली.

क्लासचे मालक दिग्विजय सर केबिनमधून बाहेर आले. हातात कागद.

"बेटा, एवढं वाचायचं. दोन मिनिटांचा व्हिडिओ. लगेच तुझे डॉक्युमेंट्स देतो."

मी कागद पाहिला. 'पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सरांनी माझ्याकडे वैयक्तिक लक्ष दिलं...' आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हटली, पण इतकं निर्लज्ज लेखन कुणी माझ्या हातात दिलं नव्हतं. तरी मी घाबरले. हळूच म्हटलं, "म्हणून टाक गं. दोन मिनिटांचं नाटक. जागा महत्त्वाची."

ती माझ्याकडे वळली. "काहून म्हणू, काकू? तुमचं नाटक बघायला लोक तिकीट काढून यायचे. हे नाटक आहे हे त्यांना माहीत असायचं. इथं बसलेत त्यांना माहीत आहे का?"

मी तो कागद तिच्या हातात दिला.

"सत्काराला नाही म्हणतेस?" सर हसले. "मग ऑफिसच्या प्रोसिजरनं सोमवारी ये."

अपेक्षानं कागदाची घडी घालून पगडीशेजारी ठेवली आणि आईबापांकडे तोंड केलं. आवाज कापत होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"काका, मावशी, तुमच्या मुलांचे मूळ कागद देऊ नका. झेरॉक्स द्या. माझा दाखला उद्या पाहिजे. हे म्हणतात, आधी खोटं बोल."

एक बाई आपली फाईल छातीशी धरून उठल्या. "अहो, आपण काल दिले ना?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग एक गृहस्थ काउंटरकडे गेले. "आमचे परत द्या आधी." मग सगळेच उठले.

"तनया!" सर रिसेप्शनवरच्या मुलीवर ओरडले. "हिची फाईल दे. आत्ताच्या आत्ता!"

आठवडाभर न सापडलेली फाईल हाताशीच्या ड्रॉवरमधून निघाली. अपेक्षानं एकेक कागद तपासला, दाखला उजेडात धरून शिक्का पाहिला, आणि पिशवीत ठेवला. तनयाला थँक्यू म्हणाली. सरांना नाही.

आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "डॉक्टर झालीस की आम्हाला विसरू नकोस हं!"

ती थांबली. वळून शांतपणे म्हणाली, "नाही विसरणार, सर. तुम्ही कधी आजारी पडून माझ्याकडे आलात ना, तर मी आधी तपासीन. कागद नंतर मागीन."