डाव्या विंगखालची मुळं

माझी आई गवत विकायची. वाळवा तालुक्यात आमच्या घरी गुंठाभरही जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या बांधावरचं गवत ती विळ्याने कापायची, भारे बांधायची आणि डोक्यावरून बाजाराला न्यायची. वडील साखर कारखान्याच्या यार्डात हमाली करायचे, तीही सीझनपुरती. उरलेले सहा महिने घर भाऱ्यांवर चालायचं. भारे खपले नाहीत की त्या दिवशी भाकरीबरोबर चटणी. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. ॲग्री झालो आणि वर टर्फचा, म्हणजे मैदानी गवताचा डिप्लोमा केला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अबू धाबीत जो तो मला गवत शिकवायला येतो.

मी इथल्या एका फुटबॉल क्लबचा हेड ग्राउंड्समन. वाळवंटात हिरवं मैदान टिकवणं हे माझं काम. उन्हाळ्यात बर्म्युडा गवत, थंडी लागली की त्याच्यावर राय गवताची पेरणी. मॅच जिंकली की गवताचं नाव कुणी काढत नाही. हरली की कोचपासून चहावाल्यापर्यंत सगळे कृषीतज्ज्ञ.

त्या डिसेंबरात तर हद्द झाली. सोमवारी सकाळी सालेम साहेबांनी, म्हणजे आमच्या जनरल मॅनेजरांनी, केबिनमध्ये बोलावलं.

"मिस्टर सुनील, पिच ऑर प्लेयर? वन लाइन."

पिच म्हणजे माझं मैदान, प्लेयर म्हणजे रुबेन. स्पॅनिश, वय चौतीस, आमचा लेफ्ट विंगर. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला चिकटून पळणारा खेळाडू. रुबेनची खासियत अशी की डावीकडून सुसाट यायचं, झटक्यात आत वळायचं आणि उजव्या पायाने शॉट मारायचा. त्या वळणाला अंगाचं सगळं वजन क्षणभर डाव्या पायावर येतं. तो पाय निसटला की खेळ खलास. घरच्या मैदानावर सलग तीन मॅचमध्ये त्याचा तो पाय निसटला. तिसऱ्यांदा तर समोर मोकळा गोल होता आणि हा पाठीवर. टीव्हीवाल्यांनी तिन्ही क्लिप जोडून, खाली विनोदी म्युझिक लावून आठवडाभर दाखवल्या.

जानेवारीत क्लबला परदेशी खेळाडूंची यादी नव्याने द्यायची होती. नवीन स्ट्रायकर येणार होता, म्हणजे जुना एक जाणार. कोचचं मत ठरलेलं होतं. लेग्ज फिनिश्ड.

मी म्हणालो, "सर, पिचचा रिपोर्ट मी दिलाय. ग्रिप व्यवस्थित आहे."

ग्रिप मोजायचं यंत्र असतं. बुटाच्या तळव्यासारखी खिळ्यांची चकती, वर वजन. ती गवतावर ठेवून पिळायची. किती जोर लावल्यावर गवत फाटतं तो आकडा. दर महिन्याला मी ठरलेल्या पाच जागी मोजतो आणि सरासरी काढून सही करतो.

"युवर रिपोर्ट सेज पिच गुड," साहेब फाइल मिटत म्हणाले. "सो लेग्ज नॉट गुड. खलास. लिस्ट गोज ऑन थर्सडे."

बाहेर आलो तेव्हा मला बरंच वाटत होतं, हे कबूल करतो. गवत निर्दोष सुटलं होतं.

ट्रेनिंग संपल्यावर रुबेन मैदानातच थांबला होता. मला बघून त्याने हात केला.

"अमीगो, कम."

"रुबेन, मी मोजलंय. पिच इज फाइन."

"यू मेजर विथ मशीन. आय मेजर विथ धिस." त्याने स्वतःच्या पायावर थाप मारली.

मला राग आला. घसरलेला प्रत्येक खेळाडू गवताला शिव्या देतो. गोलकीपरच्या हातातून बॉल सुटला तरी तो आधी गवताकडे बघतो. पण हा शिव्या देत नव्हता. त्याने त्याचं अख्खं करियर मला मैदानांच्या हिशेबात सांगितलं. मी ग्राउंड्समन म्हणून असेल.

दक्षिण स्पेनमधल्या त्याच्या गावात मैदानाला गवतच नव्हतं. लाल माती, आणि डाव्या रेषेपासून हातभर अंतरावर कारखान्याची भिंत. बाहेरच्या बाजूने निसटायला जागा नाही, म्हणून तो आत वळायला शिकला. सोळाव्या वर्षी एका मोठ्या क्लबने उचलला. तिथे बी टीम, प्लास्टिकचं गवत, दोन्ही गुडघे सोललेले. मग स्पेनची फर्स्ट डिव्हिजन. आखूड कापलेलं, मॅचआधी भिजवलेलं गवत, बॉल साबणासारखा पळायचा. तिथली सहा वर्षं त्याची सगळ्यात चांगली. पुढे एक सीझन इंग्लंडला, चिखल आणि बेंच. नंतर तुर्कस्तान. आणि आता दोन वर्षं इथे.

"फाइव्ह काइंड ऑफ ग्राउंड," तो म्हणाला. "आय फॉल, ओके, एव्हरीबडी फॉल. नेव्हर लाइक धिस. थर्टी-फोर विंगर, दे सेंड मी होम, नोबडी कॉल अगेन. वन डे आय फिनिश, नो प्रॉब्लेम. बट नॉट लाइक धिस, ऑन माय बॅक, लाइक टर्टल."

एवढं बोलून त्याने डाव्या पायाची टाच गवतात रोवली आणि पिळली. ताटाएवढा गवताचा तुकडा सुटून आला. टकलावरून विग निघावा तसा. फाटला नाही, सुटला. हा फरक बघून मी खाली बसलो.

कोर सॅम्पलर म्हणजे पोकळ नळी. जमिनीत दाबायची, वर काढायची, की गवत, मुळं, माती असा सगळा उभा काप हातात येतो. तिथला काप काढला. मुळं दोन बोटं. वरून हिरवंगार आणि खाली दोन बोटं! समोरच्या बाजूला जाऊन त्याच अंतरावर काढला. मुळं वीतभराला थोडी कमी, पांढरीशुभ्र. परत येऊन स्टँडकडच्या रेषेच्या कडेने काप काढत गेलो, तर आखूड मुळांचा अख्खा पट्टाच निघाला.

माझ्या पाच ठरलेल्या जागांपैकी एकही त्या पट्ट्यात नव्हती. चाळीस मीटर लांब, चार मीटर रुंद पट्टा, आणि माझी सही केलेली सरासरी त्याच्यावरून उडी मारून गेली होती.

"वॉट?" रुबेनने विचारलं.

"गिव्ह मी टू डेज," मी म्हणालो.

आता खरी अडचण. मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळणार नव्हतं. रिपोर्टवर माझीच सही, आणि माझा व्हिसा, घर, मुलीची शाळा सगळं त्या नोकरीला बांधलेलं. रिपोर्ट मागे घ्यायचा तर कारण हवं. नुसतं 'मुळं आखूड आहेत' म्हणालो तर साहेब विचारणार, मग हेड ग्राउंड्समन काय करत होता?

मंगळवार अख्खा त्यात गेला. पाण्याच्या कंट्रोलरचा कॉम्प्युटरवरचा लॉग काढला. दोन्ही बाजूंना मिनिटाला मिनिट सारखं पाणी. स्प्रिंकलर वाकडे असतील म्हणून मैदानभर रिकामे डबे मांडून पाणी मोजलं. सारखंच. बुरशी नाही, किडा नाही. स्टँडची सावली त्या बाजूला पडते, पण ती काय यंदा पडायला लागली? घरी येऊन जेवताना हेच पुटपुटत होतो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, रिलॅक्स. इट्स जस्ट ग्रास."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? डिग्री तुमची आहे."

बुधवारी दुपारी साडेतीनला मी कॉम्प्युटर बंद केला आणि स्टँडमध्ये जाऊन बसलो. नुसता बसलो. आमचं ट्रेनिंगचं दुसरं मैदान त्या वर्षी दुरुस्तीला काढलं होतं, त्यामुळे टीम मुख्य मैदानावरच सराव करायची, आणि तोही सावलीसाठी स्टँडच्या बाजूला. चार वाजता टीम येणार होती. पावणेचारला गुल चाचा आले.

गुल चाचा पेशावरकडचे पठाण. साठीला टेकलेले, क्लबमध्ये माझ्याही आधीपासून. पाण्याच्या लाइनीचं सगळं काम त्यांच्याकडे. त्यांनी खांद्यावरचा होज पाइप उतरवला, जमिनीतल्या व्हॉल्व्हला जोडला आणि रेषेच्या कडेने तो पट्टा झकास भिजवायला लागले. मी पळत खाली गेलो.

"चाचा! ये क्या कर रहे हो?"

"पानी मार रहा हूँ, इंजिनियर साहब."

"किसने बोला?"

"रुबेन साहब ने. बोला, चाचा, इधर थोडा पानी, बॉल फास्ट जाता है. अच्छा आदमी है. रोज सलाम करता है, हाथ मिलाता है."

"कब से मार रहे हो?"

"दो महीना हुआ. हर ट्रेनिंग से पहले, दस मिनट."

मी कपाळाला हात लावला. "चाचा, मेरे को बताया क्यों नहीं?"

ते अगदी निरागसपणे म्हणाले, "आप तो कम्प्यूटर में सब देखते हो ना?"

होज पाइप कंट्रोलरला जोडलेला नसतो. कॉम्प्युटरला तो पठाण दिसत नाही.

गवताचं साधं गणित आहे. पाणी दमाने आणि खोल दिलं की मूळ पाण्याच्या मागे खाली जातं. रोज थोडं थोडं वरच्यावर दिलं की मूळ वरच बसतं. घरपोच डबा येत असेल तर बाजारात कोण जाईल? त्यात तिथे सावली, म्हणजे ओल सुकायची नाही, आणि राय गवत नुकतंच रुजत होतं. वरून मखमल, खाली काही नाही.

रुबेन आला तेव्हा मी त्याला दोन्ही काप दाखवले आणि चाचांच्या हातातला पाइपही दाखवला. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"मी?" तो म्हणाला. "आय डू धिस?"

"यू, ही, अँड मी. थ्री पीपल."

"बट इन स्पेन ऑल्वेज वॉटर!"

"स्पेनमध्ये मॅचआधी, एकदा, सगळ्या मैदानाला. इथे दोन महिने रोज, एकाच पट्ट्याला."

तो मटकन खाली बसला आणि स्पॅनिशमध्ये एक शब्द बोलला. अर्थ मी विचारला नाही. चाचा मला हळूच विचारायला लागले, "मेरे को निकालेंगे क्या?"

कारण सापडलं, पण कोचला पटवायचं कसं? तो तीस वर्षं फुटबॉलमध्ये. त्याच्या मते खेळाडू घसरला की गवताचं निमित्त आणि गवत उखडलं की खेळाडूचं. मी व्हिडिओवाल्याकडून त्या तीन क्लिप मागवल्या, म्युझिकशिवाय. बघताना माझं लक्ष पहिल्यांदा कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. एकोणिसावं मिनिट. एकतिसावं. चोविसावं. मी तसाच कोचच्या खोलीत गेलो.

"ग्रास मॅन," तो डोकं वर न करता म्हणाला, "नो एक्स्क्यूज."

"कोच, ग्राउंड्समनचं एक्स्क्यूज म्हणजे पिच चांगलं आहे. मी उलटं सांगायला आलोय. रुबेन कुठल्या हाफमध्ये घसरला?"

आता त्याने डोकं वर केलं.

फुटबॉलमध्ये हाफ टाइमला बाजू बदलतात. घरच्या मॅचला पहिल्या हाफमध्ये आमची डावी विंग स्टँडच्या बाजूला असते, दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या. म्हणजे रुबेन पंचेचाळीस मिनिटं त्या भिजक्या पट्ट्यावर पळायचा आणि पंचेचाळीस मिनिटं चांगल्या मुळांवर.

"तिन्ही वेळा पहिल्या हाफमध्ये," मी म्हणालो. "दुसऱ्या हाफमध्ये एकदाही नाही. पाय संपलेला माणूस दमल्यावर घसरेल ना, कोच? हा ताजा असताना घसरतो आणि दमल्यावर उभा राहतो?"

कोचने तिन्ही क्लिप पुन्हा लावल्या. मग तिन्ही मॅचचे दुसरे हाफ लावले, पळवत पळवत. रुबेन समोरच्या बाजूला तसाच आत वळत होता, त्याच पायावर, आणि पाय जागेवर. शेवटी कोच म्हणाला, "व्हाय यू कम सो लेट?"

आठवडाभर सगळ्या क्लबने त्या क्लिप बघितल्या होत्या, घड्याळ कुणी बघितलं नव्हतं. मीही.

गुरुवारी सकाळी सालेम साहेबांच्या टेबलावर मी नवीन रिपोर्ट ठेवला. त्यांनी दोन्ही समोरासमोर धरले.

"सो फर्स्ट रिपोर्ट इज राँग?"

"येस सर."

"हू ओपन्ड द वॉटर?"

चाचांचं नाव ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो व्हॉल्व्ह कुलुपाशिवाय ठेवला कुणी? "माझं डिपार्टमेंट आहे, सर. माझी जबाबदारी."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मिस्टर सुनील, आय आस्क्ड वन लाइन. यू गिव्ह मी फोर पेजेस अँड अ हेडेक." मग फोन उचलून कोचशी अरबी-इंग्लिश मिसळून बोलले. फोन ठेवून म्हणाले, "रुबेन स्टेज. अनदर मॅन गोज. यू गेट वॉर्निंग लेटर. नाऊ यल्ला, फिक्स माय पिच."

तो सगळा पट्टा आम्ही खरवडून काढला. मागच्या नर्सरीतून जाड मुळांचं तयार गवत गालिच्यासारखं कापून आणलं आणि दोन दिवसांत बसवलं. होजच्या व्हॉल्व्हला कुलूप लागलं. चाचा कामावर राहिले. रुबेनने त्यांना सलाम केला की ते लगेच म्हणायचे, "पानी नहीं मिलेगा, साहब."

या धंद्यात एक गोष्ट मी उशिरा शिकलो. खेळाडू सरासरीवर पळत नाही, एका जागेवर पळतो. आता मोजायच्या जागा ठरवताना मी आधी खेळाडूंना विचारतो, मग पुस्तक उघडतो. रिपोर्ट दोन पानांनी वाढलाय आणि साहेब त्यावरूनही कुरकुरतात.

रुबेन उरलेला सीझन खेळला. अकरा मॅच, सगळ्या डाव्या विंगवर, चार गोल. मे महिन्यात त्याने स्वतः तारीख ठरवून निवृत्ती जाहीर केली आणि शेवटच्या मॅचला नव्वद मिनिटं पुरी करून मैदानातून चालत बाहेर आला.