चार वाजताची कादंबरी

हॉस्पिटलातून मेधाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "बाबा, आई गेली." मी विचारलं, "कुठे?" मूर्खासारखं. आमची ही लेक तिथेच नर्स आहे, दुसऱ्यांच्या घरी असे फोन करायची तिला सवय. स्वतःच्या बापाशी मात्र त्यापुढे शब्द फुटेना. सात आठवडे झाले, मलाही फुटत नाहीत... तरी लिहायला बसलोय.

माझी बायको शकू बी. ए. होती, इंग्रजी घेऊन. मी सातवीत शाळा सोडली आणि कारखान्यात लेथवर उभा राहिलो तो रिटायर होईपर्यंत. न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला मुलीकडे आल्यावर आम्हा दोघांना काम उरलं नाही. बाहेर वारा असा की टोपी डोक्यावर राहत नाही. लायब्ररीने जुनी पुस्तकं विकायला काढली, तेव्हा शकूने एका इंग्रज कादंबरीकाराची जाडजूड पुस्तकं उचलून आणली. कधीच मरून गेलेला माणूस. रोज दुपारी चार वाजता ती एक प्रकरण मनात वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी भाजी निवडत ऐकायचो.

त्या लेखकाचं म्हणणं असं, की प्रेम करणारी माणसं वाईट नसतात, पण एक पोचतो तेव्हा दुसरा नुकताच निघून गेलेला असतो. आणि दैव दाराआड उभंच असतं. मला राग यायचा. "दैव कसलं डोंबलाचं! त्या माणसांना तोंड नाही का? सांगून टाकायचं." शकू चष्म्यावरून बघायची. "सगळे तुमच्यासारखे फटकळ असते, तर कादंबरी दहा पानांत आटोपली असती."

शेवटच्या पुस्तकात एक माणूस लग्नाआधी खोटं बोलतो आणि बायकोला खरं सांगणं रोज पुढे ढकलतो. ते ऐकताना माझा हात थांबला. मीही तेच केलं होतं. आमचं लग्न जमवताना माझ्या मामाने मुलगा मॅट्रिक पास आहे असं ठोकून दिलं आणि मी शेजारी बसून मान हलवली. सेहेचाळीस वर्षं गप्प. त्या दुपारी बोललो.

"शकू, मी मॅट्रिक नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नाला आठवडा झाला होता. बँकेचा इंग्रजी फॉर्म माझ्याकडे सरकवलात. चष्मा सापडत नाही म्हणालात. तेव्हा तुम्हाला चष्मा होताच कुठे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. फटकळ ना तुम्ही!"

मग ज्याची इतकी वर्षं भीती होती तेच विचारलं. "फसवलं असं वाटलं?"

शकू कुणाचं मन राखायला खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, "वाटलं. दोन-तीन वर्षं फार वाटलं. कुठे येऊन पडले म्हणून मोरीत नळ सोडून रडलेसुद्धा." मी भाजीची पुढची जुडी सोडली. तीच पुढे म्हणाली, "मग एकदा पोळ्या लाटताना तुम्हाला कॉलेजात वाचलेली एक गोष्ट सांगितली. तुम्ही जेवायचे थांबलात, म्हणालात, पुढे काय झालं? माझ्या माहेरी सगळे शिकलेले, अहो. असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं."

एवढं बोलून तिने पुस्तक उघडलं आणि राहिलेलं प्रकरण सांगायला लागली.

नंतर शकूला हॉस्पिटलात नेलं आणि ते पुस्तक अर्धवट राहिलं. शेवटची दोन प्रकरणं. मेधा म्हणाली, "बाबा, फोनवर शोधून शेवट सांगू? दोन मिनिटांचं काम." मी ओरडलोच तिच्यावर. नंतर वाईट वाटलं.

आता चार वाजले की मी ते पुस्तक घेऊन बसतो. इंग्रजी मला दुकानाच्या पाटीपुरतं येतं. पण 'ती'ला इंग्रजीत 'शी' म्हणतात, तेवढा शब्द ओळखता येतो. त्या माणसाची बायको शेवटपर्यंत टिकते का, म्हणून तो शोधत ओळीओळीवरून बोट फिरवतो. शकू म्हणायची, हा लेखक कुणाला सुखाने जगू देत नाही. असेल. पण मी शेवटपर्यंत पाहून घेतलं. अगदी शेवटच्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, ती आहे.