विषय : निरोप

पगार वाढवला म्हणून माणूस नोकरी सोडून गेला, अशी घटना मेहकरात एकदाच घडली आणि ती आमच्या बियाण्यांच्या दुकानात.

शालिकमामा माझ्या बायकोचे सख्खे मामा. चौदा वर्षं दुकान तेच चालवतात, मी नुसता मालकासारखा बसतो. यंदा त्यांचा पगार वाढवायचं ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, "नात्यातला माणूस हाय. तोंडी नका सांगू, कागदावर द्या."

झालं! माझ्यातला लेखक जागा झाला (तो झोपलेलाच बरा असतो). पगारवाढीचा निरोप द्यायचा, म्हणून वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'विषय : निरोप'. खाली 'आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार' वगैरे पानभर, आणि पगारवाढ पार मागच्या बाजूला, सहीच्या वर.

मामांनी पाकीट उघडून विषय वाचला, आभार वाचले आणि कागदाची घडी घातली. मागची बाजू त्यांनी पाहिलीच नाही.

"काही चुकलं का जवाईबापू माह्यं?"

"चुकलं कसलं? तुमचं काम बघूनच तर हे करतोय. खरं तर आधीच करायला हवं होतं."

मामांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. मलाही जरा भरून आलं.

"तुमच्या मामीले काय सांगू मंग?"

"पेढे न्या. खूश होतील."

दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवून मामा निघून गेले. आनंदात विसरले असतील, म्हणून मी त्या खिशात टाकल्या.

दिवस पेरणीचे. तासाभरात ही गर्दी! कोणतं पोतं कुठं, ते एकट्या मामांना ठाऊक. मी तूर मागणाऱ्याला मका देत होतो. तेवढ्यात बायकोचा फोन.

"तुम्ही मामाले काढलं?"

"मी? मी पगार वाढवला!"

"मंग मामी रडून काऊन राह्यली?"

"आनंदाश्रू असतील."

"समोरच्या दुकानवाल्यानं मामाले उद्या सकाळीच बोलावलं, माईत हाय का? मामाले घेतल्याबिगर घरी येऊ नका."

गिऱ्हाइकांच्या तोंडावर शटर ओढलं आणि मोटारसायकल थेट मामांच्या गावाला काढली. मामा त्या कागदाला हात लावायला तयार नव्हते, म्हणून मीच मोठ्यानं वाचायला लागलो. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की..." चौथ्या ओळीपर्यंत मलाच खात्री वाटेना, की मामांना मी ठेवलंय. मामींनी मला थांबवलं.

"काढलं का ठेवलं, येवढंच सांगा."

"ठेवलं. पगारही वाढवला."

"मंग तसंच लिहा ना बापा."

मी पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मामा, पगार वाढला. उद्यापासून कामावर या.'

मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"उद्यापासून? म्हंजे मांगची चवदा वर्सं गेली? नव्यानं धरलं का मले?"

मामींनी माझ्या हातातला पेन काढून घेतला. "आता तोंडानं बोला जवाईबापू. अन् थोडकंच बोला."

मामा दुसऱ्या दिवशी आले, वाढीव पगारावर आले. पेन मात्र आता त्यांच्या खिशात असतो. मला सही करायची झाली तर आधी काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवावं लागतं, आणि तरीही दर वेळी पेन मिळतोच असं नाही.